चौकशीचं यंत्र

बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीला पुठ्ठा लावला होता आणि बाहेर टेबलावर कॉम्प्युटर मांडला होता. नागसेनला तो पाहताक्षणीच खटकला. सात वर्षं त्या खिडकीत त्याची बायको साक्षी बसायची, रोजंदारीवर. तिच्या जागी आता हे यंत्र येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

साक्षी मात्र रोज कामावर जातच होती. कसलं काम, ते सांगत नव्हती.

"सही घेतली माह्याकडून. पंधरा दिवस कोणाले सांगाचं नाई," एवढंच म्हणाली.

"तुले काढाचाच कागद असन तो."

"जेवा आता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो प्रवासी म्हणून रांगेत उभा राहिला. टेबलाशी नागपूरच्या कंपनीची अदीबा वही घेऊन बसली होती. प्रवासी विचारतील ते ती टाइप करायची.

"धानोऱ्याची गाडी कवा हाय?" नागसेननं विचारलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: साडेदहा. पाणी भरून घ्या, वाटेत मिळत नाही.

नागसेनच्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्याचं साक्षी सांगायची, अगदी असंच. म्हणजे तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि आता तिलाच घरी बसवणार.

"हे प्रोटोटाइप आहे, भाऊ," अदीबा म्हणाली. "तुमचा फीडबॅक महत्त्वाचा."

"देतो ना."

त्यानं तडक जाऊन स्टँडच्या साहेबांकडची तक्रार वही मागितली. यंत्रानं सांगितलेल्या वेळेच्या आधीच गाडी गेली, असं लिहून सही ठोकली. मग दोस्तांपैकी वारलूला पाठवलं, पत्रूला पाठवलं, आणखी ओळखीच्यांना पाठवलं. आठवडाभरात नऊ तक्रारी झाल्या, सगळ्या खोट्या. त्याला लाज वाटली, पण बायकोची नोकरी वाचत होती.

शनिवारी टेबल उचललं. नागसेन मुद्दाम बघायला गेला. अदीबा वायर गुंडाळत होती.

"नापास झालं का मॅडम, तुमचं यंत्र?"

"यंत्र अजून बनलंच नाही, भाऊ. लोक काय विचारतात ते आम्ही आधी बघतो. तोवर आतल्या खोलीत माणूस बसून उत्तरं टाइप करतं." तिनं आतल्या खोलीकडे मान वळवली. "साहेब त्यांना कायम करणार होते. पण तक्रार वहीत नऊ सह्या. आज कामावरूनच कमी केलं."

आतल्या खोलीचं दार उघडलं. जेवणाचा डबा पिशवीत टाकत साक्षी बाहेर आली.