तुकडा कोणाकडे

वामनराव ममताच्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानात शिरले तेव्हा तिचा एक हात की-बोर्डवर होता आणि दुसऱ्या हातात झोळीची दोरी. झोळीतल्या पोरीचा नुकताच कुठे डोळा लागत होता. ममतानं ओठांवर बोट ठेवलं. आर्णीतल्या एवढ्या मोठ्या कृषी केंद्राच्या मालकाला असं कोणी गप्प केलं नव्हतं, पण ते हळूच बोलले.

व्हिडिओबद्दलच बोलले. त्यांच्या गोदामात मागच्या सालचं सोयाबीन बियाणं नव्या पिशव्यांत भरताना कोणीतरी टिपलं होतं आणि तो व्हिडिओ ममताच्या नेटवर्कात टाकला होता. तिथून तो गावोगावच्या मोबाईलवर पोचला. टाकणाऱ्याचं नाव कोणालाच न कळणारं हे नेटवर्क गावात तिनंच आणलं, अर्ज भरायला येणाऱ्या बायापोरींनाही शिकवलं. वामनरावांचा संशय हमाल फुलसिंगवर होता. तिनं फक्त नावावर मान हलवावी, पुढचं ते त्याचं पाहून घेणार होते.

"नाव मले माहीतच नाही, काका."

"तुह्या कॉम्प्युटरात हाये अन् तुले माहीत नाही?"

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नुसती अगम्य अक्षरं. काही टाकलं की त्याचे तुकडे होतात, तुकड्यांना कुलूप लागतं आणि ते कोणाच्याही कॉम्प्युटरात जाऊन बसतात, तिनं समजावलं. लग्नाला जाताना शेजारणीकडे कुलूपबंद पेटी ठेवतात ना, तसंच. फक्त इथं पेटी कोणाची, हेही शेजारणीला कळत नाही.

वामनरावांना ते पटलं नाही. ज्याच्याकडे माल सापडतो तोच चोर, त्यांचा हिशोब सरळ होता. तुकडा तिच्याकडे, म्हणजे टाकणाराही तिच्याच ओळखीतला. पोलिसांनाही ते हेच सांगणार होते.

फुलसिंगची लेकही झोळीतल्या पोरीच्याच वयाची. ममतानं दोरीला आणखी एक झोका दिला.

"अन् तो व्हिडिओ तुमी कुठं पायला, काका?"

आपल्या कृषी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर भाच्यानं तेच नेटवर्क बसवलं, ते जरा तोऱ्यातच म्हणाले. कोणी टाकला ते शोधायला पोरगा आठवडाभर तो व्हिडिओ काढून काढून पाहतोय.

ममताला हसू आलं. पोर उठेल म्हणून तिनं ते पदरात दाबलं.

"मंग तं झालंच. इथं जो व्हिडिओ पाहाले मागते, त्याच्या कॉम्प्युटरातही तुकडे राहून जाते. आठवडाभर मागितलं, तं माह्यापेक्षा जास्त तुमच्याचकडं असन."

"मी कायले टाकीन माह्याच गोदामाचा व्हिडिओ?"

"नाहीच टाकला तुमी. पण तुकडा तं हाये. आता पोलिसाईले आधी कोणतं दुकान दाखवता?"

वामनराव उठले, पुन्हा बसले. मग मोबाईल काढून त्यांनी भाच्याला फोन लावला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आवाज अगदी खाली होता.

"तो कॉम्प्युटर बंद कर आधी."

पलीकडून भाचा मोठ्यानं विचारत होता, काहून मामा, काय हाये त्याच्यात?

वामनरावांनी एकदा ममताकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"मले काय माहीत," ते म्हणाले.