वेगळी चूल

"आत्या, तलाठ्यांना सांग, तुझी चूल वेगळी आहे," म्हणत भाच्याने मागच्या पडवीत कोरा स्टोव्ह मांडला. घरात त्याचा पगार येतो हे आम्ही कधी कळवलंच नव्हतं. म्हणून निराधार अपंग म्हणून मिळालेली माझी पेन्शन परत मागणारी नोटीस आली होती.

तलाठ्यांनी स्टोव्ह पाहिला. त्यावर काजळीचा ठिपकाही नव्हता, पण त्यांना तेवढा पुरला. मी मान हलवली आणि वसुली टळली.

संध्याकाळी आत माझं ताट मांडलंच नाही. भाच्याची बायको म्हणाली, "राहू द्या वेगळंच, आत्या. पुन्हा चौकशी आली तर?" भाचा खाली बघून भाकरी मोडत होता. त्याची आई गेल्यावर हाच माझ्या लुळ्या पायाला बिलगून घास मागायचा.

सकाळी रिक्षाने चावडीवर जाऊन तलाठ्यांना म्हणाले, "लिहा, चूल एकच आहे. पेन्शन बंद करा, घेतलेले पैसे बोरमाळ विकून भरते."

परत येऊन भाच्याला म्हटलं, "पाट मांड माझा, आतच. निराधार मी कागदावर होते, आता तिथेही नाही."