मूल केंद्रस्थानी

“माझं शैक्षणिक तत्त्वज्ञान: मूल केंद्रस्थानी.” विशेष शिक्षणाच्या पदविकेसाठी मृण्मयीनं हे बारा पानांत, चकचकीत बॉर्डरसकट लिहिलं होतं. परीक्षक मॅडम खूश होत्या. आता फक्त पाठ उरला होता: आठ वर्षांच्या ओवीला शर्टाचं बटण लावायला शिकवणं.

ओवीची बोटं सावकाश चालत. मॅडमचं घड्याळ भरभर. म्हणून केंद्रस्थानच्या मुलाला बाजूला सारून मृण्मयीनंच तीन बटणं लावली, तीही किती सफाईनं. चौथ्याला ओवीनं तिच्या हातावर चापट मारली.

“ताई, गप बस.”

तत्त्वज्ञानात याची तरतूद नव्हती. मृण्मयी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. सात मिनिटांनी बटण शिरलं, पण भलत्याच काजात.

“दुरुस्त करा, नाहीतर गुण जातील,” मॅडम कुजबुजल्या.

“जाऊ देत, मॅडम. तिनं लावलंय.”

मृण्मयीला दहापैकी तीन मिळाले. ओवीनं तो वाकडा शर्ट दिवसभर शाळेत मिरवला.