नऊ तारखेची कमेंट

“पौर्णिमा, कोनी आपल्याले ब्लॉक केलं तं ते कसं दिसते?”

शेजारच्या खुशालरावांनी दारातूनच विचारलं. पौर्णिमानं कानावरचे हेडफोन खाली घेतले. रविवारची सकाळ होती आणि बडनेऱ्यातल्या त्या पुढच्या खोलीत ऑस्ट्रेलियाचं राजकारण चालू होतं. कॅनबेराहून एक बाई आणि एक बुवा दर आठवड्याला तासभर पॉडकास्टवर भांडत. मशीन ते भांडण लिहून काढी आणि त्यातल्या चुका पौर्णिमा घरबसल्या दुरुस्त करी. तिथले मंत्री तिला नुसत्या खोकल्यावरून ओळखू येत. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, असं कोणी विचारलं असतं तर मात्र तिची पंचाईत झाली असती.

“बसा ना काका. कोनं ब्लॉक केलं तुमाले?”

“रागिणीनं.”

रागिणी म्हणजे त्यांची नात, धर्मेंद्रची मुलगी. ॲडलेडला असते, वय पंधरा. फोनवर ती फारशी येत नसे. आली तरी ‘हाय आबाजी’ म्हणून पळे. पण इन्स्टावर फोटो टाकी. खुशालराव रोज सकाळी चहाच्या आधी तिचं पान उघडत आणि नव्या फोटोखाली ‘जय गजानन’ लिहीत. आजोबा-नातीचं बोलणं म्हणायचं तर एवढंच. खुशालरावांना तेवढं पुरत होतं.

त्यांनी फोन पुढे केला. पान कोरं होतं.

“नऊ तारखेले सकाळी सात वाजून वीस मिनिटानं मी लिहिलं. दहा तारखेले पाह्यतो तं काईच नाई.” चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते ते, वेळ सांगण्यात चूक व्हायची नाही.

“काय लिहिलं होतं?”

खुशालराव खिडकीकडे पाहू लागले. “समुद्रावरचा फोटो होता. पोरीची पँट गुडघ्यावर फाटेल होती. मी लिहिलं, बेटा, पँट फाटली आहे, बाबाले नवी घ्यायले सांग. जय गजानन.” ते थांबले. “खाली तिच्या मैतरणी हासल्या. हासरे तोंडं टाकले सतरा जणींनी. मले वाटलं, आवडलं त्यायले. मंग समजलं. चारचौघात लेकराची फाटकी पँट दाखवली मी! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?”

धर्मेंद्रचा फोन दर रविवारी येई. मागच्या रविवारी त्यांनी तो उचललाच नव्हता. शेगावला गेलो होतो, असं नंतर कळवून टाकलं. नातीनं तोंड फिरवलं, हे पोराच्या तोंडून ऐकायची त्यांची छाती नव्हती.

पौर्णिमाला हसू आलं, ते तिनं दाबलं. मग एकदम ती स्क्रीनकडे वळली.

“काका, कोनती तारीख म्हनली तुमी?”

“दहा.”

तिनं स्पीकर लावला आणि पॉडकास्ट थोडा मागे नेला. बाई तावातावानं बोलत होती. खुशालरावांना त्यातलं ‘सिक्स्टीन’ तेवढं कळलं, तेही तीनदा आलं म्हणून.

“तिकडे कायदा आला, काका. सोळाच्या आतल्या पोरायनं इन्स्टावर खातं ठेवायचं नाई. दहा तारखेपासून लागू. हे दोघं त्याच्यावरच भांडून राहिले दोन हप्त्यापासून.”

“साऱ्याच पोरायचं बंद केलं?”

“साऱ्यायचं. लाखो पोरायचं.”

“मंजे रागिणीनं नाई केलं?”

“सरकारनं केलं. तुमच्या पँटीचा काईच संबंध नाई.”

खुशालराव खुर्चीवर बसले. आल्यापासून ते उभेच होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “बाप्पा,” एवढंच म्हणाले. अकरा दिवस चहा गोड लागला नव्हता त्यांना.

“मले वाटलं, सिग्नल माह्यासाठीच लाल केला,” ते म्हणाले. “इथं तं सारी लाइनच बंद हाय.”

“सोळाची झाली का होईन चालू.”

“पुढच्या पोयाच्या सणाले होते ती सोळाची.” त्यांनी मान हलवली, आणि पहिल्यांदाच हसले. “मंजे गाडी रद्द नाई. उभी हाय.”

तसल्या पँटी मुद्दाम फाडूनच विकतात, तिकडेच काय, अमरावतीतही मिळतात, हे पौर्णिमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. एका सकाळी म्हाताऱ्याला एवढं पुरे होतं.

तेवढ्यात खुशालरावांच्या हातातला फोन वाजू लागला. धर्मेंद्र होता.

“हे चालते काय तिकडे? का ह्यालेबी बंदी हाय?”

“चालते काका. उचला.”

ते फोन घेऊन लगबगीनं अंगणात गेले. पौर्णिमानं हेडफोन एका कानाला लावला आणि राहिलेलं काम पुढे चालू केलं. आता बुवाची पाळी होती. या कायद्यानं आजवर नेमकं कोणाचं भलं झालं, एक तरी माणूस दाखवा, असं तो विचारत होता. मशीन तिथं प्रश्नचिन्ह द्यायला विसरलं होतं. पौर्णिमानं ते दिलं.

दुसऱ्या कानाला अंगणातला आवाज येत होता. मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत पोचायची सवय झालेला.

“धर्मेंद्र, मी हळू बोलून राहिलो, तिले ऐकू जाऊ देऊ नको. पोरीले पँट घेतली काय?”