पिऊन दाखव
गोचिडांचं औषध फवारल्यावर काही दिवस दूध विकायचं नसतं, पण मालकानं आपल्या गुराख्याला, त्विनेला, फवारणी होताच धारा काढायला लावल्या. किरुहुराच्या रस्त्यावर दुधाची गाडी थांबली. गाडीवाल्यानं कॅन हुंगला. “काय हो, गाय पिळलीत की फवारणीचा पंप?” मालक हसला. “ए त्विने, पिऊन दाखव यांना.” त्विनेचे हात अजून औषधानं चुरचुरत होते. पण राहती झोपडी मालकाची होती आणि बायको पोटुशी. पेलाभर दूध तो घटाघटा प्यायला. जीभ बधिर झाली. मग त्यानं पेला पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी पुढं धरला. “तुम्हीही घ्या, मालक.” दुधाला नाही म्हणणारा माणूस त्या गावानं पाहिला नव्हता. “पोट भरलंय माझं,” मालक म्हणाला. गाडीवाल्याला सगळं कळलं. “ओत टाकीत,” तो म्हणाला. “शहरातले उकळून पितात. पेलाही ओत.”