बसता?

"एकदा जरी पडलीस, तर उरलेले चार दिवस हॉटेलातच बसायचं," नवऱ्याने सासूबाईंना बजावलं होतं. त्यांना चौसष्टाव्या वर्षी, इटलीतल्या या महागड्या बर्फात स्कीइंग शिकायचं होतं.

पहिल्याच उतारावर त्यांचा वेग वाढला. इटालियन मास्तर मागून ओरडला, "बास्ता, बास्ता." सासूबाईंनी तिथेच बर्फात फतकल मारली.

"पडलीस," नवरा म्हणाला.

"पडले कुठे? मास्तर बिचारा अहोजाहो करून 'बसता?' म्हणाला, म्हणून बसले. शिकवणाऱ्याचं ऐकायचं नाही का?"

मास्तरला मराठी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. सासूबाई टोपीवरचा बर्फ झटकून पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी जेवताना नवरा फोन घ्यायला बाहेर गेला. वेटर सासूबाईंच्या पास्त्यावर चीज किसू लागला. जरा थांबून त्याने अदबीनं विचारलं, "बास्ता?"

"बसलेय की बाबा केव्हाची."

तो बिचारा किसत राहिला. ताटात चांगला डोंगर झाल्यावर त्याने पुन्हा तेच विचारलं आणि या वेळी हाताने 'पुरे का?' अशी खूण केली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आई, बास्ता म्हणजे पुरे."

सासूबाईंचा काटा हवेतच थांबला. "म्हणजे सकाळी तोसुद्धा..."

मी मान डोलावली. दारातून नवरा परत येताना दिसला, तशी त्यांनी निम्मं चीज माझ्या ताटात सरकवलं.

"खा मुकाट्यानं. मी बसलेच होते."