ब्रुखा हाबाआ

शोशन्ना आत्या कित्येक वर्षांनी इस्रायलहून पनवेलला आली, तेव्हा याएलच्या पायाला भिंगरीच लागली. पुढच्या महिन्यात ती आई-बाबांबरोबर कायमची तिकडेच निघाली होती ना! मोबाइलवर घोटून पाठ केलेलं स्वागत तिने दारातच ठसक्यात ठोकलं, "ब्रुखा हाबाआ, आत्या!"

आत्याने चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनांच्या त्या छोट्या डबीला, बोटं लावून ओठांना टेकवली. मग याएलच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "अगंबाई, हिब्रू बोलायला लागलीस की!"

"मग! आता तिकडच्या विमानतळावर लोक मला असं म्हणाले, तर उत्तर काय द्यायचं, तेवढं शिकव."

आत्या चपला काढता काढता थांबली.

"कोण जाणे, बाळा. मला तिथे उत्तर द्यायची वेळच कुणी आणली नाही."